तिचं नाव आम्ही ठेवलं

टेकडीवरच्या त्या घरात राहायला गेलो त्या पहिल्याच दिवशी आईने बोंबील तळले, तेही सगळ्या खिडक्या सताड उघड्या टाकून. त्याआधी इंग्लंडातल्या लीड्स शहरात आमचं टेरेस घर होतं, भिंतीला भिंत लागलेलं. तिथे सुकी मासळी करायची म्हणजे आधी दाराच्या फटीला ओला टॉवेल, मग तीन उदबत्त्या. एवढं करूनही दुसऱ्या दिवशी पायरीवर कोणीतरी एअर फ्रेशनरचा डबा ठेवून जायचं. इथे चहूबाजूंनी वारा, दगडी कुंपणं आणि दुसऱ्यांची मेंढरं. आई तव्यासमोर उभी राहून म्हणाली, "जाऊ दे वास कुठे जायचा तिथे." बाबा ज्वारीची भाकरी आणि बोंबील घेऊन दारात उभ्याउभ्या जेवले आणि जेवताना समोरच्या गवताकडे असे बघत राहिले, जणू कोणी येऊन ते परत मागणार होतं.

बाबा लीड्समध्ये सिटी बस चालवायचे. त्यांच्या घराण्यात कोणाच्या नावावर कधी हातभर जमीन नव्हती. गावाकडे त्यांच्या वडिलांचं आयुष्य दुसऱ्यांच्या बांधावर गेलं. बाबांनी शहराबाहेर जागा घेतोय म्हटल्यावर डेपोतल्या मित्रांना वाटलं दुकान घेतोय. एजंटनेही आधी दोन दुकानंच दाखवली. बाबांनी घेतलं चार एकर गवत, एक गळकं गोठ्यासारखं शेड आणि त्यात ठाण मांडून असलेल्या दोन अल्पाका. जुने मालक म्हणजे एक म्हातारं जोडपं. त्यांनी त्या मागे ठेवल्या, कारण पर्ल नावाची अल्पाका गाभण होती आणि दिवस भरत आलेल्या जनावराला हलवू नये म्हणतात. दुसरीचं नाव डचेस. आईने दोघींना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती म्हणाली, "मेंढीला उंटाची मान लावलीय." त्या ओरडत नाहीत, नाकातल्या नाकात गुणगुणतात. स्वयंपाकघराची खिडकी उघडली की त्यांचं ते म्म्-म्म् कुकरच्या शिट्टीच्या मधल्या वेळात ऐकू यायचं. आजही बेसिंगस्टोकच्या ऑफिसात कोणी कामात बुडून गुणगुणायला लागलं की माझी मान आपोआप खिडकीकडे वळते.

आता नावांचं सांगायला हवं. बाबांचं नाव कचरू सोनावणे. डेपोत पहिल्याच आठवड्यात कोणीतरी त्याचं केन करून टाकलं आणि बाबांनी ते चालवून घेतलं. माझं नाव संघमित्रा. शाळेत सँडी. आईचं शकुंतला, आणि ते मात्र शकुंतलाच राहिलं. ती हॉस्पिटलात मिडवाइफ होती आणि 'शकी' अशी हाक मारणाऱ्या डॉक्टरांकडे ती वळूनसुद्धा बघत नसे. मला सँडी आवडायचं. हे कबूल करायला माझे केस पिकावे लागले. सँडी कोणालाच अडत नव्हती. सँडीला तिच्या डब्याबद्दल कोणी विचारत नसे, कारण सँडी डबा घरीच विसरायची. बाबांच्या नावाला काही अर्थ असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. माझं मराठी सगळं ऐकून आलेलं. कचरा हा शब्द आमच्या घरात कोणी वापरत नसे. आम्ही रबिश म्हणायचो, बिन म्हणायचो. असं का, हे तेव्हा मला सुचलंही नाही.

पर्लला अजून महिनाभर अवकाश आहे असं जुने मालक सांगून गेले होते. एका शनिवारी सकाळी मी शेडकडे गेले तर ती एकटी कोपऱ्यात उभी, आणि तिच्या शेपटीखाली एक ओलं तोंड आणि दोन पाय बाहेर आलेले. मी धावत घरात गेले. आई नुकतीच ड्यूटीवरून आली होती, चहाचा कप हातात होता. तिने कप खाली ठेवला आणि मनगटावरचं घड्याळ काढलं. "बाबांना टॉवेल आणायला सांग," ती म्हणाली, "आणि त्यांना म्हणावं, उगाच बडबड करू नका."

बाबा बडबड करतच आले. पर्ल उभ्यानेच व्याली. आईने पिल्लाला हातांवर झेललं. तपकिरी रंगाचं, ओलं, लांब मानेचं ते पिल्लू गवतावर ठेवलं तेव्हा त्याची मान तशीच पडून राहिली. कान दुमडलेले होते. पाय सरळ राहीनात, गुडघ्यापासून घसरून जायचे. अल्पाकाला पिल्लाला चाटता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. पर्लने नुसतं नाक लावलं आणि ती गुणगुणायला लागली. डचेसही जवळ आली, तिनेही नाक लावलं. नव्या पिल्लाचं त्यांच्यात असंच स्वागत करतात, एकेक येऊन वास घेऊन जातात. आई टॉवेलने ते अंग खसाखसा पुसत होती आणि तेवढ्या वेळात ती एकदाही वर बघायला तयार नव्हती.

दुपारी तरुण व्हेट, म्हणजे जनावरांची डॉक्टर, आली. तिने पिल्लाच्या हिरड्या पाहिल्या, कान पाहिले, मादी आहे म्हणाली. दात आलेले नाहीत, दिवसांआधी जन्मलंय, चोखायची ताकद नाही, असं तिने समजावून सांगितलं. तिचा स्वर चांगला होता. मग ती म्हणाली की मी आत्ताच एक इंजेक्शन दिलं तर त्याला त्रास होणार नाही, आणि कदाचित तेच काइंड ठरेल.

"माझ्या वॉर्डात याहून लहान येतात," आई म्हणाली. "आम्ही त्यांना इंजेक्शन देत नाही. दूध देतो."

"मिसेस सोनावणे, हे जनावर आहे."

"हो. मला दिसतंय. दुधाची नळी किती आत घालायची ते दाखव आणि जा."

व्हेटने दाखवलं. तेवढा तिचा मोठेपणा होता. पर्लला पान्हा होता, पण तो काढायला कोणी गेलं की ती मान मागे टाकून हिरवी, सडक्या गवताच्या वासाची थुंकी मारायची, आणि दर वेळी बाबांच्याच तोंडावर. जेमतेम वाटीभर चीक निघाला. पहिल्या दिवसाचा चीक पोटात गेला नाही तर पिल्लू जगत नाही, हे व्हेटने जाताना बजावलं होतं. तेव्हा बाबा शेजारच्या फार्मवर गेले. तिथले मिस्टर थॉर्प तोवर आमच्याशी हवामानाखेरीज एक शब्द बोलले नव्हते. ते फ्रीजरमधून शेळीच्या चिकाच्या दोन बाटल्या घेऊन आले, कोणी न सांगता बूट दारात काढले आणि बाथरूमच्या दारात उभे राहून बघत राहिले. आत आई बाथटबमध्ये बसली होती, मांडीवर पिल्लू, हातात हेअर ड्रायर. "वेल, आय नेव्हर," म्हणजे कमालच झाली, एवढंच ते म्हणाले.

दोन दिवस आमचं घर म्हणजे वॉर्ड झालं. दर दोन तासांनी दूध, दर दोन तासांनी गरम पाण्याची बाटली. भिंतीवर आईने चार्ट लावला, त्यावर मी टिक करायची. मला तिच्यासारखं काम करताना इतकं बरं वाटत होतं, की मी टिकमार्कपुढे माझं नाव पूर्ण, संघमित्रा असं लिहिलं. सोमवारी सकाळी मी दात घासत असताना मागे खडबड झाली. वळून बघते तर ती चिमुकली टबाच्या काठाला टेकून उभी होती. चारही पाय फाकवून, नशेत असल्यासारखी डुलत, पण उभी. मी हाक मारली तशी आई आली, दारात थांबली आणि पहिल्यांदाच रडली. बाबा म्हणाले, "ये म्हणावं आता बघायला त्या इंजेक्शनवालीला." आणि लगेच त्यांनाही रडू आलं.

मी हे सगळं शाळेच्या बसमध्ये सांगितलं. सांगायला नको होतं असं आता वाटतं, पण तेव्हा पोटात मावत नव्हतं. जेस माझी मैत्रीण, ती गावात राहायची. तिने लगेच सांगितलं की त्या घरच्या पिल्लाचं नाव दर वेळी गाव ठेवतं. जुन्या मालकांनी पाडलेली पद्धत होती ती. शाळेत एक पेटी ठेवायची, मुलांनी चिठ्ठ्या टाकायच्या, त्यातल्या निवडक नावांवर मतं घ्यायची आणि गावच्या समर फेटला, म्हणजे जत्रेला, नाव जाहीर करायचं. जत्रेची कमिटी बघणाऱ्या मिसेस होल्डन बाबांना विचारून गेल्या आणि बाबा हो म्हणाले.

बसमध्ये नावं सुरू झाली. आधी बिस्किट, टॉफी अशी. मग मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणालं, पॉपडम, म्हणजे पापड. मग टिक्का. सगळे हसले आणि हसताना तिरक्या नजरेने माझ्याकडे बघत होते, मी काय करते ते. तो क्षण ज्याने भोगलाय त्यालाच कळेल. हसायचं की गप्प बसायचं यासाठी अर्धा सेकंद मिळतो. मी म्हणाले, "कोर्मा. रंग बघा तिचा." बस इतकी हसली की ड्रायव्हरने आरशात पाहिलं. जेस माझ्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती. शाळेत उतरल्यावर मी ते एका चिठ्ठीवर, माझ्या सुंदर गोल अक्षरात लिहिलं आणि पेटीत टाकलं.

त्या वीकेंडला स्लाऊहून विलासमामा आला. आईचा धाकटा भाऊ, तिथल्या एका वेअरहाऊसमध्ये शिफ्ट मॅनेजर, आणि सुट्टीच्या दिवशी विहाराच्या कामात असायचा. दारातूनच "जयभीम, दाजी" म्हणत तो शेडकडे गेला. पिल्लू तोवर पर्लच्या मागेमागे चालत होतं. मामाने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, कौतुक केलं. संध्याकाळी आम्ही चौघं जेवायला बसलो. मेथीची भाजी, भाकरी, ठेचा आणि मामाच्या आवडीचे बोंबील होते.

"नाव काय ठेवलं?" मामाने विचारलं.

"ठेवतायत शाळेतली पोरं," बाबा म्हणाले. "पद्धत आहे त्यांची."

मामाने घास खाली ठेवला. "दाजी, आणखी किती जणांना नावं ठेवू देणार आहात?"

"विलास," आई म्हणाली.

"नाही ताई, बोलू दे. दाजींच्या आईने यांचं नाव प्रकाश ठेवलं होतं. शाळेत घालायला घेऊन गेली तर मास्तर म्हणाला, तुमच्यात कसला आलाय प्रकाश. आणि लिहिलं कचरू. अख्ख्या वर्गासमोर हसत हसत. इथे आले तर डेपोने केन केलं. आता घरात जन्मलेल्या जनावराचंही दुसऱ्यांनीच ठेवायचं?"

मी विचारलं, "कचरू म्हणजे काय?"

मामाने आईकडे पाहिलं. मग बाबाच म्हणाले, साध्या आवाजात, "रबिश, बेटा."

मी त्यांच्याकडे वळले. "मग तुम्ही बदललं का नाही?"

"त्याच नावाने मॅट्रिक झालो," बाबा म्हणाले. "पहिल्या नंबराने. निकाल वाचताना त्या मास्तरला ते नाव मोठ्याने वाचावं लागलं. बदललं असतं तर तो पहिला नंबर प्रकाशचा झाला असता, कचरूचा नाही."

"मग केन का?" मामाने विचारलं.

बाबांनी पाण्याचा पेला उचलला, परत ठेवला. मी ताट तसंच टाकून उठले. आईला वाटलं मला मामाच्या आवाजाचा त्रास झाला. चिठ्ठीबद्दल मी कोणाला काही सांगितलं नाही. उरलेले दिवस मी पेटीतून ती काढून घ्यायचं ठरवत होते, पण तोवर पेटी उघडून मतंही झाली होती आणि जेसने मला कॉरिडॉरमध्ये डोळा मारून सांगितलं होतं, "यू आर गोइंग टू विन."

जत्रेच्या दिवशी ऊन होतं. चर्चच्या मागच्या मैदानात चहाचा तंबू, केकची टेबलं, बँडवाले. आईने खीर करून नेली होती, ती केकच्या टेबलावर एका टोकाला ठेवली गेली. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि पिल्लाला गळ्यातल्या पट्ट्याने धरून ते मैदानात उभे होते. पर्ल शेजारी. मुलं येऊन हात लावून जात होती. मिसेस होल्डन गवताच्या पेंढ्यांच्या छोट्या स्टेजवर चढल्या, माइक हातात घेतला आणि म्हणाल्या की यंदा मुलांनी फारच समर्पक नाव शोधलंय. मग त्यांनी चिठ्ठी वाचली. "कोर्मा!"

हशा पिकला. त्या हसण्यात विष होतं असं मी म्हणणार नाही. बहुतेकांना ते खरंच गोड वाटलं. म्हणूनच ते जास्त वाईट होतं. मी बाबांकडे पाहिलं. ते हसत होते. हे हसू मी ओळखत होते, डेपोतल्या ख्रिसमस पार्टीच्या फोटोत होतं ते. ओठ तेवढे ताणलेले. आईचा चेहरा मात्र दगडासारखा होता.

मी स्टेजवर कशी चढले ते मला आठवत नाही. गवत पोटऱ्यांना टोचत होतं तेवढं आठवतं. मिसेस होल्डनना वाटलं मी बक्षीस घ्यायला आले, त्यांनी माइक माझ्यासमोर धरला. मी इंग्रजीत म्हणाले, "ते मी लिहिलं होतं. मी ते परत घेते."

"इट्स ओन्ली अ बिट ऑफ फन, लव्ह," त्या हळूच म्हणाल्या.

"मला माहीत आहे. मीच केली होती फन. आता मी ती परत घेते."

जेस खाली मान घालून बुटाने गवत खरडत होती. मिसेस होल्डननी विचारलं, मग तुझ्या मनात दुसरं काय नाव आहे. मी माइक काढून घेतला आणि त्या सगळ्या गावासमोर माझ्या मोडक्या मराठीत म्हणाले, "बाबा, तिचा नाव तुम्ही ठेवा."

बाबा जागचे हलले नाहीत. आईने त्यांच्या हातातला पट्टा घेतला. तेव्हा ते आले. स्टेजवर चढले नाहीत, खालीच उभे राहिले, आणि मी वाकून माइक त्यांच्या तोंडाशी धरला. ते इंग्रजीत बोलले, सावकाश, बसमधल्या म्हाताऱ्या प्रवाशांना स्टॉप सांगायचे तसं. "माझं नाव केन नाही. कचरू आहे. त्याचा अर्थ रबिश. मी सहा वर्षांचा होतो तेव्हा एका माणसाने ते मला दिलं. त्यालाही ती गंमतच वाटली होती." त्यांनी पिल्लाकडे बोट केलं. "हे पिल्लू माझ्या घरी जन्मलं. माझ्या बायकोने ते जगवलं. हिचं नाव प्रज्ञा."

टाळ्याबिळ्या काही झाल्या नाहीत. असल्या प्रसंगात टाळ्या होतात असं लोकांना वाटतं. एक बाई आपल्या मुलाला घेऊन चहाच्या तंबूकडे निघून गेली. मागून कोणीतरी पुटपुटलं की एवढं मनाला लावून घ्यायचं काय कारण होतं. मग मिस्टर थॉर्प पुढे आले, टोपी मागे सरकवली आणि म्हणाले, "पुन्हा सांग. दोन्ही नावं." बाबांनी सांगितली. त्यांनी म्हणून पाहिली, दोन्ही चुकली. बाबांनी परत सांगितली. मिस्टर थॉर्पनी सहा-सात वेळा प्रयत्न केला असेल, सगळ्यांच्या देखत, आणि बाबांनी एकदाही "असू दे, चालेल" म्हटलं नाही. माझ्या आयुष्यात मी पाहिलेली ती सगळ्यात धाडसी गोष्ट होती.

घरी जाताना चढावर बाबा माझ्याबरोबर चालत होते. "तूच लिहिलं होतंस?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. "हसले का सगळे?" मी पुन्हा हो म्हणाले. त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. मग म्हणाले, "मलाही डेपोत पहिल्या दिवशी सगळे हसले तेव्हा बरं वाटलं होतं." याहून वेगळी माफी त्यांनी मला कधी दिली नाही आणि मला ती लागलीही नाही.

संध्याकाळी नामकरणासाठी आईने पांढरी साडी नेसली आणि आम्ही घराच्या मागे जमलो. मेणबत्त्या वाऱ्यात टिकत नव्हत्या, म्हणून त्या जॅमच्या बरण्यांत लावल्या. त्रिशरण पंचशील म्हटलं, पर्लच्या गळ्यात डेझीची माळ घातली, ती तिने लगेच खाऊन टाकली. फोनवर मामा म्हणाला, "प्रज्ञा? जनावराला?" बाबा म्हणाले, "त्यांच्या जिभेला याहून जड दुसरं आठवेना." मामा हसला आणि मग म्हणाला, बरोबर केलंत.

जेसने त्यानंतर बसमध्ये माझ्या शेजारी बसणं सोडलं. पुढच्या वर्षी कमिटीने आम्हाला बोलावलं नाही. आणि जत्रेनंतर आठवड्याने एका सकाळी आमच्या फाटकावर, रस्त्याच्या बाजूने, लाल स्प्रेने मोठ्या अक्षरांत KORMA लिहिलेलं दिसलं. कोणी लिहिलं ते कधीच कळलं नाही. बाबा घासायला तारेचा ब्रश घेऊन आले. आईने त्यांच्या हातातून तो काढून घेतला.

"घासून काय होणार," ती म्हणाली. "त्यावर लिहू."

शेडमध्ये पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा होता. आईने ब्रश माझ्या हातात दिला. इंग्रजीत लिहू का विचारलं तर ती नाही म्हणाली. मी तोवर देवनागरीत एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. आईने पेन्सिलने फाटकावर मोठं आखून दिलं आणि मी त्यावरून ब्रश फिरवत गेले. प्र जमला. ज्ञ मात्र काही केल्या जमेना, कुठून सुरू होतो आणि कुठे वळतो तेच कळत नव्हतं. दोनदा पुसला. तिसऱ्यांदा आईने माझ्या हातावर हात ठेवला आणि आम्ही दोघींनी तो मिळून काढला, गाठीसारखा, लाल अक्षरांच्या बरोबर मधोमध. रंग ओघळला, तो तसाच राहू दिला. बाबा रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले आणि तिथून त्यांनी ते मोठ्याने वाचलं. त्या सकाळी खालून येणाऱ्या गाड्या वळणावर हळू होत गेल्या. वाचता कोणालाच येत नव्हतं, पण बघत सगळेच होते. आम्ही तिघं फाटकाशी उभे राहिलो आणि एकेका गाडीकडे सरळ बघत राहिलो.